इस्त्रीने काढलेला पीळ परत का येतो? मोठ्या लाकडी ग्लायडरच्या पंखाची तपासणी आणि दुरुस्ती

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. तीन-साडेतीन मीटर पंखविस्ताराचा, बाल्सा आणि स्प्रूस या हलक्या लाकडांचा मॉडेल ग्लायडर, वरून इस्त्रीने लावलेली फिल्म, म्हणजे उष्णतेने आकसणारे प्लास्टिकचे आवरण. डावीकडे घिरट्या छान घेतो. उजवीकडे वळताना वेग जरा पडला की एक टोक धाडकन खाली जाते. जमिनीवर पाहिले तर एका पंखाला टोकाशी पीळ दिसतो. पंख उलटा पिळून धरला, वरून गरम इस्त्री फिरवली, पीळ गेला. दोन-तीन रविवार बरे जातात आणि मग तोच पीळ त्याच जागी परत येतो.

तिसऱ्यांदा इस्त्री तापवण्याआधी थांबा. फिल्म ताणून तात्पुरता पीळ काढता येतो, पण पंखाचा पीळ टिकवून धरायचे काम फिल्मचे नाही. ते काम डी-बॉक्सचे, म्हणजे पंखाच्या पुढच्या भागातल्या बंद नळीचे आहे. पीळ पुन्हा पुन्हा येत असेल तर डी-बॉक्स कुठेतरी उघडा पडलेला आहे, किंवा मुळातच पीळ आत ठेवून बंद केलेला आहे. दोन्हींवर उपाय वेगळा, म्हणून आधी निदान.

डी-बॉक्स म्हणजे नेमके काय

लीडिंग एजपासून (पंखाची पुढची कड) स्पारपर्यंत (पंखाच्या लांबीभर जाणारा मुख्य कणा) वरून आणि खालून शीट, म्हणजे बाल्साची पातळ फळी, आणि मागच्या बाजूला वरच्या-खालच्या स्पारपट्ट्यांना जोडणारी शिअर वेब, या तिन्हींची मिळून एक बंद नळी होते. कापलेल्या बाजूने ती इंग्रजी डी अक्षरासारखी दिसते. मागचा भाग, म्हणजे रिबांची (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांची) टोके, ट्रेलिंग एज (मागची कड) आणि फिल्म, हवेला आकार देतो. पिळाला विरोध जवळजवळ सगळा ही नळीच करते. 1930 च्या दशकातल्या ग्रुनाऊ बेबी या खऱ्या, माणूस बसणाऱ्या जर्मन ग्लायडरचा पंखही असाच आहे: पुढे प्लायवूडचे बंद नाक, मागे कापड. त्याच्या 2 बी प्रकाराचा पंखविस्तार 13.57 मीटर, म्हणजे चतुर्थांश मापात 3.39 मीटर. आपण बांधतो ती मॉडेल मोठी झाली की त्यांची दुखणीही खऱ्या ग्लायडरसारखीच होतात.

घरात अॅल्युमिनियम फॉइलच्या रोलची पुठ्ठ्याची नळी असेल तर ती दोन्ही हातांनी पिळून पाहा. हलत नाही. आता कटरने लांबीच्या दिशेने एकच चीर द्या आणि पुन्हा पिळा. चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून सरकतात आणि नळी मुकाट्याने वळते. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढेच, पण ताठपणा शेकडो पटींनी कमी. पंखात ही चीर शीट आणि स्पार यांच्या सांध्यावर पडते, नाहीतर वेब आणि स्पारपट्टीच्या सांध्यावर. वरून फिल्म असल्यामुळे ती दिसत नाही. अशा पंखाला मग फिल्मचा ताण नेईल तिकडे जावे लागते.

आधी आकाशात बघा

प्रत्येक वेळी टोक पडण्याचे कारण पीळच असते असे नाही. म्हणून ट्रिम (सरळ उडण्यासाठी नियंत्रणांना दिलेली कायमची छोटी दुरुस्ती) शून्य करा, दोन्ही एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मुळाशी पंखाच्या आकाराशी बरोबर जुळवून ठेवा आणि शांत हवेत, भरपूर उंचीवर दोन गोष्टी करून पाहा: नाक थोडे खाली करून वेगात सरळ उड्डाण, आणि नाक हळूहळू वर घेत स्टॉल, म्हणजे वेग पडून पंखाची उचल तुटेपर्यंत.

वेगात जो पंख वर उचलला जातो तोच स्टॉलमध्ये खाली पडत असेल, तर तो पीळ आहे. त्या टोकाचा कोन जास्त आहे, म्हणून वेगात ते जास्त उचल देते आणि हळू झाल्यावर आधी स्टॉल होते. दोन्ही वेळा एकच पंख खाली जात असेल आणि हळू उडताना ते जास्त जाणवत असेल, तर ती बाजू जड आहे; दुसऱ्या टोकाला 5-10 ग्रॅम शिसे लावून तोल साधा आणि पंखाला हात लावू नका. हळू उडताना सगळे सरळ, पण वेग वाढला की एका बाजूला कल वाढत जातो, असे असेल तर एक पंख मऊ आहे, किंवा एलेरॉनच्या जोडणीत ढिलाई आहे. अशा मॉडेलला वेगात नेऊ नका. मऊ पंख आधी फर्रर्र आवाज करतो आणि त्यानंतर फार वेळ देत नाही.

ट्रिम लावूनच ही चाचणी केली तर निष्कर्ष चुकतो. पीळ झाकण्यासाठी खाली केलेले एलेरॉन स्वतःच त्या टोकाचा स्टॉल लवकर आणते, आणि मग चांगला पंख दोषी वाटतो.

मोजमाप

नजरेने पाहून पीळ ठरवू नका. एक सरळ अॅल्युमिनियम पट्टी घ्या, तिला पुढे लीडिंग एजवर बसेल अशी इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच आणि मागे ट्रेलिंग एज अडकेल अशी फट असलेला प्लायचा तुकडा बसवा. पट्टीवर मोबाइल ठेवून कोन मोजायचे अॅप लावा, 0.1 अंशापर्यंत वाचता आले तरी पुरे. गटिंगन 535 सारख्या खालून पोकळ आकारावर साधी फूटपट्टी टेकवून वाचन घेऊ नका, ते दर वेळी वेगळे येते.

पंख ठेवायला किचनचा ग्रॅनाइट ओटा फार चांगला. सपाट असतो आणि साडेतीन मीटरच्या मॉडेलचा अर्धा पंख त्यावर मावतो. तोही लेव्हलने एकदा तपासून घ्या. मुळाची रिब शून्यावर आणा आणि दर तिसऱ्या रिबवर वाचन घ्या. दोन्ही पंखांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा.

मग पंख फ्युजलाजला (ग्लायडरच्या धडाला) जोडून मुळाचे दोन कोन परत मोजा. पुष्कळदा सगळा दोष इथेच सापडतो. कोन धरून ठेवणाऱ्या पिनचे भोक झिजून लांबट झालेले असते. जॉइनरपासून (पंख जोडणारा दांडा) 200 मिलिमीटरवर असलेल्या पिनला 1 मिलिमीटर हालचाल मिळाली की पूर्ण पंखाचा कोन जवळजवळ 0.3 अंशाने बदलतो. त्या भोकात पितळी नळी इपॉक्सीने बसवली की काम झाले.

आमचा नियम असा: डाव्या-उजव्या टोकांत 0.5 अंशापर्यंत फरक असेल तर सोडून द्या. 1 अंशापर्यंत असेल तर उडवता येते, पण नोंद ठेवा. त्यापुढे दुरुस्ती. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर 160 मिलिमीटर रुंदीच्या टोकाला 1 अंश म्हणजे 2.8 मिलिमीटर, आणि 180 मिलिमीटरला 2 अंशांचा वॉशआउट (टोकाचा कोन मुद्दाम कमी ठेवणारा पीळ) म्हणजे ट्रेलिंग एज 6.3 मिलिमीटर वर. वॉशआउट दोन्हीकडे सारखा असेल तर तो दोष नाही, तो हवाच.

पाण्याच्या बाटलीची परीक्षा

पीळ आहे एवढे कळले. आता तो ताठ पंखात अडकलेला आहे की पंख मऊ आहे, हे शोधायचे.

पंखाचा मुळाकडचा भाग जॉइनरसकट टेबलाला घट्ट बांधा, बाकी पंख हवेत. टोकाच्या रिबवर आडवी एक लाकडी पट्टी दोन्हीकडून फोम लावून क्लॅम्प करा. ती स्पारच्या मागे किमान 20 सेंटिमीटर यायला हवी. टोकाचा कोन वाचा. मग त्या पट्टीला स्पारपासून बरोबर 20 सेंटिमीटरवर अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली टांगा आणि कोन पुन्हा वाचा. पंख खालीही वाकेल, पण त्याची चिंता नको. आपल्याला फक्त कोनातला फरक हवा आहे. हेच दुसऱ्या पंखावर करा.

नुसता आकडा फारसे काही सांगत नाही, तुलना सांगते. एक पंख दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाहून जास्त वळला तर त्याचा डी-बॉक्स उघडा आहे असे धरून चला. दोन्ही सारखेच वळले आणि बाटली काढल्यावर आपापल्या जागी परत आले, तर पीळ बांधतानाच आत बंद झाला आहे.

उघडा सांधा शोधणे

खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पंखाला जवळजवळ टेकवून स्पारच्या रेषेवरून फिरवा. शीट स्पारला जिथे सुटली आहे तिथे फिल्मखाली केसासारखी सावली पडते. त्या जागी स्पारच्या किंचित पुढे अंगठ्याने दाबा. शीट हलते आणि बारीक टक् असा आवाज येतो. दोन रिबांच्या मध्ये शीट खाली बसून रिबा बरगड्यांसारख्या वर आलेल्या दिसत असतील, तर शीट नंतर आकसली आहे आणि सांधा सुटला असण्याची शक्यता मोठी आहे.

वरून काही सापडले नाही तर वेब तपासा. खालच्या बाजूने स्पारच्या मागे फिल्मला एका खणात तीन बाजूंनी चीर देऊन झडप उघडा आणि बांबूच्या काडीने वेब हलकेच ढकला. ती हलली, किंवा तिचे रेषे आडवे दिसले, तर चोर सापडला. वेबचे रेषे उभेच हवेत, एका स्पारपट्टीकडून दुसरीकडे जाणारे. आडव्या रेषांची वेब कातरताण घेताना रेषांमध्ये चिरते. काही बांधणारे वजन वाचवायला बाहेरच्या खणांत वेब घालतच नाहीत. वॉशआउट तिथेच असतो आणि पीळही तिथेच येतो, त्यामुळे ही बचत महागात पडते.

सांधा सुटतो का

मुख्य कारण ओलावा. हवेतली सापेक्ष आर्द्रता 90 टक्के असेल तर लाकडात साधारण 20 टक्के पाणी टिकते, 65 टक्क्यांना 12, आणि 30 टक्क्यांना 6. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये बांधलेला पंख मार्चमध्ये घाटमाथ्यावर नेला की लाकूड 18 टक्क्यांवरून 8 वर येणे अगदी शक्य आहे. फिल्म ओलावा अडवत नाही, फक्त उशीर करते.

बाल्सा हे झाड मूळ उष्ण अमेरिकेतले, बाजारातला बहुतेक माल इक्वेडोरचा, आणि कुळ आपल्या काटेसावरीचेच. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वार्षिक वलयांच्या दिशेने 7.6 टक्के आकसते, पण त्रिज्येच्या दिशेने फक्त 3. आता शीटचे बघा. ए-ग्रेन शीटची रुंदी वलयांच्या दिशेने येते, सी-ग्रेनची त्रिज्येच्या दिशेने. ओलावा 10 टक्क्यांनी उतरला की 75 मिलिमीटर रुंद ए-ग्रेन शीट जवळजवळ 1.9 मिलिमीटर आकसू पाहते, सी-ग्रेन 0.75. रिबचे रेषे मात्र लीडिंग एजकडून मागे धावतात आणि लांबीत लाकूड जवळजवळ आकसतच नाही. म्हणजे रिब जागा सोडत नाही, शीट मागे खेचते, आणि मधला सांधा फाटतो. वर ए आणि खाली सी लावली असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या खेचतात.

दुसरे कारण गोंद. पांढरा पीव्हीए सतत ताण राहिला तर हळूहळू सरकतो, आणि उन्हात उभ्या गाडीत पारा 60 अंशांच्या वर गेला की मऊच पडतो. पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सीही अशा उष्णतेत ढिला होतो. सायनो (झटपट चिकटणारा सुपरग्लू) उष्णतेला बरा, पण ठिसूळ. जोरात उतरताना बसलेल्या एका धक्क्याने लांब सांधा उसवतो.

दुरुस्ती

कोरडे दिवस निवडा. स्वस्तातला आर्द्रतामापक घ्या आणि खोली 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास असताना काम करा. पावसाळ्यातच करायचे असेल तर पंख तीन-चार दिवस बंद कपाटात, खाली 40 वॅटचा साधा बल्ब लावून ठेवा. बल्ब पंखापासून हातभर लांब आणि कशालाही न टेकता. हीट गनने लाकूड सुकवू नका. एक बाजू आधी सुकते आणि नवा पीळ तयार होतो.

1. बाहेरच्या अर्ध्या पंखावरची फिल्म खालच्या बाजूने लीडिंग एजपासून स्पारच्या थोडे मागेपर्यंत काढा. वरचा सांधा सुटला असेल तर वरचीही.

2. हॉबी चाकूच्या नव्या 11 नंबरच्या पात्याने शीट आणि स्पारचा सांधा त्या पूर्ण भागात मोकळा करा. फक्त सुटलेला तुकडा चिकटवून भागत नाही, कारण उरलेला सांधा पीळ धरूनच बसलेला असतो. बांधतानाच पीळ बंद झालेल्या पंखालाही हीच चीर लागते. पाते स्पारपट्टीत घुसू देऊ नका. स्प्रूसवर पडलेली आडवी रेघ म्हणजे पुढे तुटण्याची जागा.

3. आत वेब तपासा, सुटलेली चिकटवा, नसेल तिथे घाला. बाहेरच्या भागात 1.5 मिलिमीटर बाल्सा, उभे रेषे, दोन्ही रिबांना आणि दोन्ही स्पारपट्ट्यांना अंगाबरोबर बसणारी. मुळाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात 0.8 मिलिमीटर बर्च प्लाय.

4. पंख सपाट फळीवर ठेवा. वॉशआउट जिथून सुरू होतो त्या रिबला शून्य आणि टोकाला हवी तेवढी उंची अशी उतरती पाचर ट्रेलिंग एजखाली सरकवा. मोकळा झालेला पंख त्यावर स्वतःहून बसायला हवा. जोर लावावा लागत असेल तर चीर अजून अपुरी आहे.

5. फट 0.3 मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर गोंदाने भरू नका, बाल्साची बारीक चीप बसवा. अॅलिफॅटिक गोंद (लाकडाचा पिवळा गोंद) बारीक सुईने सांध्यात भरा, वरून प्लास्टिकचा कागद, त्यावर वाळूच्या लहान पिशव्या. पूर्ण 24 तास हात लावू नका.

6. वाळल्यावर सांधा घासून सपाट करा आणि त्यावर चौरस मीटरला 25 ग्रॅमच्या काचकापडाची 15 मिलिमीटर रुंद पट्टी पातळ, सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने लावा. दीड मीटर लांबीला इपॉक्सीसह जेमतेम दीड ग्रॅम वजन वाढते. एवढ्यात पुन्हा न फाटणारा सांधा मिळतो.

7. बाटलीची परीक्षा पुन्हा. दोन्ही पंख सारखे वळले तरच फिल्म.

मागच्या उघड्या भागात बाहेरच्या पाच-सहा खणांना तिरप्या 2×5 मिलिमीटर बाल्सा पट्ट्या घालता आल्या तर घाला. फिल्मच्या ओढीने ट्रेलिंग एज लाटेसारखा होणे त्यामुळे थांबते.

फिल्म लावताना

पंख पाचरीवरच असू द्या. आधी खालची बाजू, मग वरची. कडा साधारण 100 अंशांवर चिकटवा. ताणण्यासाठी 140-150 अंश लागतात, पण प्रत्येक फिल्मचे तापमान तिच्या सूचनापत्रकात पाहून घ्या आणि इस्त्रीचा तळ तापमापकाने एकदा मोजा. डायलवरच्या आकड्यावर विसंबू नका. एक बाजू पूर्ण ताणून मग दुसरी असे न करता मुळाकडून टोकाकडे एकेक खण, वर एकदा, खाली एकदा. गार होईपर्यंत पंख पाचरीवरून हलवू नका. आता इस्त्री फक्त सुरकुत्या काढण्यासाठी आहे, पीळ काढण्यासाठी नाही.

फिल्मऐवजी रेशीम आणि डोप (कापड ताणून घट्ट करणारे रोगण) वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: डोप पुढचे कित्येक महिने आकसत राहतो. 100 मिलिलिटरला 2 मिलिलिटर एरंडेल तेल घातले तर तो ओढ कमी करतो. वरचा आणि खालचा हात एकाच दिवशी द्या आणि ओला असतानाच पंख फळीवर खिळवा.

ठेवणे आणि नेणे

भिंतीला तिरका टेकवलेला पंख रोज थोडा-थोडा वळतो. लीडिंग एज खाली करून, लांबीच्या पाव आणि पाऊण भागावर फोम लावलेल्या दोन खोबणींत ठेवा. गाडीत बांधताना पट्टा ट्रेलिंग एजवरून घेऊ नका. दुपारी गाडी उन्हात असेल तर पंख बाहेर, सावलीत.

नवीन पंख बांधत असाल तर

वरची निम्मी कामे टळतात. लाकूड आणून लगेच कापू नका. बांधायच्या खोलीतच दहा-बारा दिवस राहू द्या. प्रत्येक शीट वजन करा. 1.5×100×1000 मिलिमीटरची शीट 15 ग्रॅम भरली तर ती घनमीटरला 100 किलोची हलकी, 24 भरली तर 160 किलोची. डाव्या आणि उजव्या पंखाला वजनाने आणि रेषांनी जुळणाऱ्या जोड्याच लावा. लीडिंग एजवरून वळवायला ए-ग्रेन सोपी पडते, पण मग ती दोन्ही पंखांना आणि वर-खाली दोन्हीकडे ए-ग्रेनच असू द्या. अंगावर चमकदार ठिपके दिसणारी ताठ सी-ग्रेन रिबांसाठी राखून ठेवा.

आणि डी-बॉक्सची दुसरी शीट, म्हणजे नळी बंद करणारी, पंख फळीवर, पाचरीसकट, पिनांनी बांधलेला असतानाच लावा. वरची शीट लावून पंख फळीवरून उचलला आणि खालची हातात धरून चिकटवली, तर त्या क्षणी हातात जेवढा पीळ होता तेवढा कायमचा आत गेला. पंख उचलण्याआधी दर तिसऱ्या रिबचा कोन, तारीख आणि खोलीतली आर्द्रता मुळाच्या रिबवर पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढे केव्हाही वाचन घेताना त्या दिवसाची आर्द्रताही खाली लिहा, म्हणजे आजचे आकडे कशाशी ताडायचे ते पंखावरच असेल.